कार्डाची मागची बाजू

रॅम्सडेन यांच्या घराला ऊब आणि नळाला गरम पाणी देणारा गॅसचा बॉयलर नोव्हेंबरच्या मध्यावर गेला. जाताना त्याने फारसा त्रास दिला नाही. दोन-तीन उचक्या दिल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीवर थोडं काळं पाणी ओघळलं आणि खेळ आटोपला. संध्याकाळपर्यंत घरातले सगळे रेडिएटर थंडगार. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्ससारख्या गावात, तेही टेकडीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाचा बॉयलर ऐन नोव्हेंबरात जाणं म्हणजे काय, हे ज्याने अंगात ओव्हरकोट घालून दात घासले आहेत त्यालाच कळेल.

घराचा मालक माल्कम रॅम्सडेन नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यातून निवृत्त झालेला. नोकरीत असताना त्याने निम्म्या गावाला नकार दिला होता, पण तो कागदावर. समोरासमोर त्याच्या तोंडून कधी ‘नाही’ निघालं नाही आणि कुणाकडे काही मागणंही जमलं नाही. एकदा न्हाव्याने न विचारता त्याच्या मिशा उडवल्या, तर ‘छान झालं’ म्हणून यानेच वर बक्षीस दिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. माल्कमकडे ही बहीण कायमची माहेरपणाला आलेली होती.

एरवी बॉयलरचं काम सावकाश झालं असतं. पण लंडनहून मुलगी, हेलन, पुढच्या आठवड्यात शनिवारी येणार होती आणि तिच्याबरोबर आयव्ही येणार होती. आयव्ही म्हणजे नात, अजून मान न सावरणारी. ती जन्मली तेव्हा आजी-आजोबा लंडनला जाऊन आले होते, पण नेमकी माल्कमला सर्दी झाली. त्यामुळे आजीने नात मांडीवर घेतली आणि आजोबांनी ती दारातून पाहिली. तेव्हापासून माल्कमच्या मनात दुसरा विषय नव्हता. तसं तो कुणाला बोलला नव्हता, हे सांगायला नकोच.

बॉयलरची बातमी ऐकून हेलन फोनवर म्हणाली, “बाबा, घर गरम नसेल तर आम्ही हॅरोगेटला उतरू हं. तिथे काही प्रश्न नाही, त्यांच्याकडे जमिनीखालून गरम होतं.”

हॅरोगेट म्हणजे व्याह्यांचं घर.

“जमिनीखालून!” फोन ठेवल्यावर माल्कमची बायको ब्रेंडा म्हणाली. “आणि आपण काय गोठ्यात राहतो?”

हेलन इस्पितळाच्या अपघात विभागात नर्स होती. तिने आणखी एक बजावलं होतं. “गॅसच्या धुराने बेशुद्ध झालेली माणसं मी बघते, बाबा. बॉयलर कुणाकडूनही बसवून घेऊ नकोस. त्याचं गॅसच्या परवान्याचं कार्ड बघ. आणि नुसता फोटो नको बघूस. मागे छापलेलं असतं, कुठलं काम करायची परवानगी आहे ते. ते वाच.”

“वाचतो की,” माल्कम म्हणाला. एखाद्या भल्या माणसाकडे त्याचं कार्ड मागायचं म्हणजे ‘तू लबाड तर नाहीस ना?’ असंच विचारणं झालं, असं त्याला तेव्हाच वाटून गेलं होतं.

शेजारच्या पॉलीन डॉब्सनला बातमी सांगावी लागली नाही. रॅम्सडेन यांच्या भिंतीबाहेरच्या पाइपातून वाफ येत नाही हे तिने सकाळीच पाहून ठेवलं होतं. “तीन जणांकडून भाव घ्या,” ती कुंपणावरून म्हणाली. “एकाकडून घेतला तर तो फसवतो. दोघांकडून घेतला तर दोघं संगनमत करतात. तिघांचं आपसात कधी पटत नाही.”

म्हणून तिघांना बोलवायचं ठरलं.

पहिला आला तो एका बड्या कंपनीचा सूटबूटवाला. त्याच्या हातात पाटीएवढा स्क्रीन होता आणि त्यावर रॅम्सडेन यांच्यासारखंच, पण पुष्कळ नीटनेटकं घर फिरत होतं. आज सही केली तर सवलत, उद्या नाही, असं त्याचं म्हणणं. माल्कमचा हात पेनकडे जाऊ लागला तेव्हा ब्रेंडाने विचारलं, “राजा, तू स्वतः कधी बॉयलर बसवलायस?”

“मी सल्लागार आहे, मॅडम.”

“मग एवढा चहा संपव आणि नीघ.”

ब्रेंडा ही अशी होती. माल्कमला तिचं कौतुकही वाटे आणि अशा वेळी बाहेर जाऊन उभं राहावंसंही वाटे.

दुसरी आली ती जोडी क्रॅब्ट्री नावाची तरुण कारागीर. दार उघडताच, ‘गुड मॉर्निंग’च्याही आधी, तिने कार्ड माल्कमच्या नाकासमोर धरलं. “हा फोटो माझाच, तेव्हा केस लांब होते. मागे वाचा, तिसऱ्या ओळीत बॉयलर आहे.”

पोरीने आपण होऊन कार्ड दाखवलं, आता माल्कमने देवाचे आभार मानायला हवे होते. पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘छे छे, कशाला, कशाला,’ म्हणत तो दाराच्या चौकटीकडे बघत राहिला आणि एक अक्षरही वाचलं नाही. जोडीने आत जाऊन भिंत ठोकली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, “धुराचा पाइप खिडकीच्या फार जवळ आहे. ज्याने कुणी बसवला त्याला काम येत नव्हतं. हा हलवायचा.” एवढं बोलून तिने भाव सांगितला. त्याच्यावर कडी म्हणजे तिने चहा नाकारला.

यॉर्कशरमध्ये कामाला आलेल्या माणसाने चहा नाकारणं ही साधी गोष्ट नव्हे. तिथे माणूस चहा पितो कसा, साखर किती चमचे घेतो, कप स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवतो की नाही, यावरून त्याची पारख होते. “जरा आगाऊ वाटली,” माल्कम म्हणाला.

“मला बरी वाटली,” ब्रेंडा म्हणाली. “घाईत होती.”

“आल्या आल्या कार्ड नाचवायचं म्हणजे काय? मी मागितलं होतं का?”

तिला नकार कळवायचं काम त्याने हौसेने अंगावर घेतलं, कारण ते कागदावर होतं. पण निवृत्तीनंतर हात मऊ पडला होता. ‘खेद वाटतो की’ हे शब्द त्या तरुण मुलीला फार लागतील असं वाटून ते त्याने काढले. त्याऐवजी तिच्या तत्परतेबद्दल आभार मानले, पाइपाविषयीचं मत मोलाचं आहे असं लिहिलं, हवा बिघडली आहे तेव्हा प्रकृतीला जपा असंही जोडलं आणि पत्र टपालात टाकलं.

तिसऱ्या माणसाला बोलवावंच लागलं नाही. नॉर्मन हॉइल माल्कमचा बोल्स क्लबातला, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळातला, जोडीदार. तीस एक वर्षांची दोस्ती. गॅसच्या शेगड्या आणि फायरप्लेस दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती, आणि रॅम्सडेन यांचा जुना बॉयलरही दर वर्षी तोच उघडून, पुसून, दोन शिव्या देऊन बंद करत आला होता. क्लबात दहा माणसांसमोर माल्कमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मी म्हटलं, घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं? नॉर्मन, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.”

नॉर्मनने हातातला ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाला, “बघू या.”

यॉर्कशरच्या मानाने हा आनंदाचा चीत्कारच होता, असं माल्कम धरून चालला.

आता बॉयलर आणायचा. कुठला घ्यावा, असं विचारलं की नॉर्मन म्हणे, “घाई काय आहे?” म्हणून माल्कमने स्वतःच दुकानात जाऊन एक घेतला. तो खोक्यासकट दरवाजालगतच्या बोळात येऊन बसला आणि त्या दिवसापासून घरातली माणसं आडवी होऊन ये-जा करू लागली. पोस्टमन म्हणाला, “पाहुणे मोठे आहेत.”

नॉर्मन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने चहा घेतला, दोन चमचे साखर, कप स्वतः सिंकमध्ये नेला, म्हणजे पारख उत्तम. मग टेप काढून भिंत मोजली, मान हलवली आणि गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आला, चहा घेतला, भिंत मोजली आणि गेला. भिंत रात्रीत वाढत असावी.

इकडे ब्रेंडा किटलीवर पाणी तापवून भांडी घासत होती. आंघोळीचा प्रश्न पॉलीनने सोडवला. तिने आपलं न्हाणीघर देऊ केलं आणि त्याची किंमत सल्ल्यात वसूल केली. माल्कम रोज सकाळी गाउन घालून, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी, असा कुंपणाच्या फटीतून शेजारी जाई. रस्त्याने जाणारी माणसं हात करत, म्हणून त्यालाही साबणाच्या डबीने हात करावा लागे. ज्या माणसाने या गल्लीतल्या चार सज्ज्यांना परवानगी नाकारली होती, त्याच्यावर ही वेळ आली.

“आजही नाही?” पॉलीन विचारायची. “माझ्या मेव्हण्याकडे एका दिवसात बसवून गेला. कार्ड बघितलंत ना त्याचं?”

कार्ड! दिवसातून दहा वेळा माल्कमला ते आठवत होतं. हेलनला ‘वाचतो’ म्हणून कबूल केलं होतं. पण तीस वर्षांच्या दोस्ताला ‘कार्ड दाखव’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? मग त्याने गॅस कारागिरांच्या नोंदणी कार्यालयाला फोन केला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा असं करत शेवटी एक गोड आवाजाची बाई भेटली. ती म्हणाली, “अगदी सोपं आहे, सर. त्यांचा नंबर सांगा, मी लगेच बघून सांगते.”

“नंबर कुठे मिळेल?”

“त्यांच्या कार्डावर, सर. दाखवा म्हणावं.”

माल्कमने तिचे मनापासून आभार मानून फोन ठेवला.

मग त्याने युक्ती काढली. सकाळी चहाच्या वेळी त्याने सहज खिशातून आपला ज्येष्ठ नागरिकांचा बस पास काढला आणि टेबलावर ठेवला. “बघ रे, काय फोटो काढलाय माझा. तुझा तरी बरा आला असेल, कार्डावरचा.”

नॉर्मनचा चेहरा उजळला. त्याने इतक्या चपळाईने कार्ड काढून टेबलावर ठेवलं की माल्कम दचकलाच. पण कार्ड पडलं होतं उलटं. फोटो खाली, मागची बाजू वर. आता फोटोच्या निमित्ताने मागितलेल्या कार्डाची मागची बाजू वाचायची म्हणजे उघड उघड संशय. माल्कमने नजर शेगडीवर खिळवली आणि म्हणाला, “छान आलाय.”

“तू बघितलाच नाहीस,” नॉर्मन म्हणाला.

“तुला मी रोज बघतो, फोटो कशाला बघायला हवा?”

नॉर्मनने एक उसासा टाकून कार्ड परत खिशात ठेवलं आणि भिंत मोजायला उठला.

त्याच्या पुढच्या दिवशी तर कमाल झाली. नॉर्मन गेल्यावर माल्कमला त्याच्या कपाखाली कार्ड दिसलं. पुन्हा मागची बाजू वर! घरात कुणी नव्हतं, ब्रेंडा शेजारी आंघोळीला गेलेली. दुसऱ्या कुणीही डोळे भरून वाचलं असतं. पण दुसऱ्याचा विसरलेला कागद वाचणं हे माल्कमच्या लेखी चोरीच्या खालोखाल होतं. त्याने डोळे किलकिले करून कार्ड चिमटीत उचललं, पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि सपाता घालून फाटकापर्यंत पळत जाऊन नॉर्मनच्या हातात दिलं.

नॉर्मनने बंद पाकिटाकडे आणि मग माल्कमकडे असं पाहिलं की, गड्याला बरं नाहीये का, असं माल्कमला वाटून गेलं.

बुधवारी हेलनचा फोन आला.

“बसला बॉयलर?”

“जवळजवळ. भिंत मोजून झालीये.”

“कार्ड बघितलंस?”

“समोरच होतं टेबलावर.”

“बाबा. वाचलंस का?”

माल्कमने फोन या कानावरून त्या कानावर नेला.

“हे बघ, मी रागावून बोलत नाहीये,” हेलन म्हणाली आणि खरंच रागावून बोलली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. “पण ते वाचल्याशिवाय बसवलेल्या बॉयलरच्या घरात मी आयव्हीला झोपवणार नाही. आम्ही हॅरोगेटला जातो. तू आणि आई तिकडेच या दुपारी चहाला.”

फोन ठेवून माल्कम बोळात गेला आणि खोक्याला टेकून उभा राहिला. व्याह्यांच्या घरी, त्यांच्या गरम जमिनीवर, त्यांच्या पाहुण्यांमध्ये बसून आपण नात पुन्हा दारातूनच पाहणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याला फार वाईट वाटलं. ब्रेंडा आली, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि एरवी तिच्या जिभेवर चार शब्द तयार असत, त्यातला एकही काढला नाही. त्याच्या अंगावर शाल टाकून ती गेली.

गुरुवारी सकाळी नॉर्मन आला. ब्रेंडाने चहा ठेवला. नॉर्मनने टेप काढला.

“नॉर्मन,” माल्कम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “तुझं कार्ड मला बघायचंय. मागची बाजू वाचायचीये.”

बोलून झाल्यावर त्याने डोळे मिटले. तीस वर्षांची मैत्री तुटल्याचा आवाज कसा येतो याची तो वाट पाहत होता. आवाज आला तो कार्ड टेबलावर आपटल्याचा.

“घे बाबा, घे!” नॉर्मन म्हणाला. “एकदाचं विचारलंस! किती दिवस तुझ्या नाकाखाली ठेवतोय! कपाखाली ठेवलं तर तू पाकिटात घालून परत आणून दिलंस!”

माल्कमने चष्मा लावला आणि वाचलं. शेगड्या. फायरप्लेस. त्यानंतर काही नव्हतं.

“यात बॉयलर नाहीये.”

“नाहीये.”

“पण तू तर दर वर्षी आमचा...”

“तेव्हा होता. पाच वर्षांनी परत परीक्षा द्यावी लागते. या वसंतात बॉयलरच्या परीक्षेला नापास झालो.” नॉर्मन कपाकडे बघून बोलत होता. “घरी सांगितलं नाही. कुणालाच नाही. आणि तू क्लबात दहा जणांसमोर म्हणतोस, पूर्ण विश्वास आहे. कसं सांगणार होतो? म्हटलं, कधीतरी कार्ड बघेल, मग आपोआप कळेल.”

“मग रोज भिंत कशाला मोजत होतास?”

“नुसता चहा पिऊन निघून जाणं बरं दिसतं का?”

हे मात्र माल्कमला पटलं. त्याच्या जागी त्यानेही भिंत मोजली असती.

ब्रेंडा भांडी पुसायचं फडकं हातात घेऊन दारात उभी होती. “छान! हा विचारत नाही आणि हा सांगत नाही. तुमची अळीमिळी गुपचिळी, आणि मी म्हातारपणी टॉवेल घेऊन दुसऱ्याच्या घरी आंघोळीला जातेय. कुठाय त्या पोरीचा नंबर?”

“तिला मी नकार कळवलाय,” माल्कम कळवळून म्हणाला. “आता कोणत्या तोंडाने...”

“माझ्या,” ब्रेंडा म्हणाली आणि फोन लावला. तिने रॅम्सडेन हे नाव सांगितलं, मग बराच वेळ नुसतं ऐकलं, आणि हळूहळू नवऱ्याकडे वळून पाहू लागली.

“ती म्हणते, नकार कसला? इतकं गोड पत्र तिला आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने लिहिलं नव्हतं. काम मिळालं असं समजून तिने उद्याचा दिवस आपल्यासाठी ठेवलाय. आपल्याकडून वेळेचा फोन का येत नाही, म्हणून वाट बघत होती.”

माल्कमने उभ्या आयुष्यात लिहिलेल्या पत्रांपैकी हे पहिलंच कुणाच्या उपयोगी पडलं.

शुक्रवारी जोडी आली. दारातच तिने कार्ड पुढे केलं. या वेळी माल्कमने ते हातात घेतलं, उलटं केलं आणि तिथेच थंडीत उभं राहून पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलं. समोरून चाललेल्या पोस्टमनलाही जोडीची पात्रता कळली. “समाधान झालं?” तिने विचारलं. “झालं,” माल्कम म्हणाला.

नॉर्मनही आला होता. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. जोडीने पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे असं विचारलं तेव्हा घरमालक चारी दिशांना बघू लागला आणि नॉर्मन म्हणाला, “जिन्याखाली, रंगाच्या डब्यांमागे. डावीकडे फिरव, तो उलटा आहे.” मग तो तिच्या मागे उभा राहून तिचं काम बघत राहिला. दुपारी केव्हातरी त्याने तिला परीक्षेचं सांगून टाकलं. ती पाइपाचा नट आवळत म्हणाली, “मीपण पहिल्या खेपेला आपटले होते. फेब्रुवारीत परत असते. द्या की.” त्या दिवशी नॉर्मन भिंत न मोजताच घरी गेला.

धुराचा पाइप हलला, भिंतीचं जुनं भोक बुजलं, नवं पडलं, बोळातलं खोकं गेलं. संध्याकाळी रेडिएटर कुरकुरले आणि तापले. ब्रेंडा एकेका रेडिएटरला हात लावत घरभर फिरली. काम संपल्यावर जोडीने चहा मागितला, साखर नको म्हणाली, आणि कप तसाच टेबलावर टाकून गेली. कुणी काही म्हटलं नाही.

त्या रात्री माल्कमने हेलनला फोन करून कार्डाच्या मागे काय होतं ते ओळीने सांगितलं. शनिवारी हेलन आली, जावई आला, आणि हॅरोगेटचे व्याही-विहीणही आले. ‘तुमच्याकडे नीट गरम होतंय ना, बघावं म्हटलं,’ विहीणबाई म्हणाल्या आणि बराच वेळ अंगातला कोट काढला नाही. शेवटी घाम फुटला तेव्हा काढला. हे ब्रेंडाने पाहिलं आणि केकचा मोठा तुकडा त्यांच्या बशीत वाढला.

मग आयव्ही हातोहात फिरू लागली. ‘तुम्ही घ्या,’ ‘नाही नाही, आधी तुम्ही,’ ‘माझं काय, मी इथे बरा आहे,’ असं सगळं रीतसर चाललं होतं. ब्रेंडाने घेतली, व्याह्यांनी घेतली, विहीणबाईंनी घेतली. माल्कम दाराजवळच्या खुर्चीत होता आणि आपली पाळी आली की सवयीने ‘असू दे, असू दे’ म्हणत होता. आयव्हीने जांभई दिली.

“दमली गं,” हेलन म्हणाली. “चला, हिला वर झोपवते.”

माल्कम उभा राहिला.

“मला दे,” तो म्हणाला. “मला हवीये ती.”

जावयाने हातातला चमचा बशीत ठेवला. हेलनने क्षणभर बापाकडे पाहिलं आणि आयव्हीला त्याच्या हातात दिलं. त्याला वाटली होती त्यापेक्षा ती जड होती आणि चांगलीच गरम होती. तो हळूच खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. आयव्हीने त्याच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं आणि झोपून गेली.

चहा झाला, केक संपला, बाहेर अंधारून आलं. विहीणबाई दोनदा त्या खुर्चीपर्यंत येऊन गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“तुमचे हात अवघडले असतील, मिस्टर रॅम्सडेन.”

“नाही,” माल्कम म्हणाला.